ई-कॅडहेरिन अँटिबॉडीच्या सदोष लॉटबद्दल तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय: मानवी ई-कॅडहेरिनविरुद्धच्या पॉलिक्लोनल अँटिबॉडीचा लॉट बदलून मिळण्याबाबत

महोदय,

परळच्या आमच्या प्रयोगशाळेत स्तनाच्या कर्करोगावर काम चालतं. पेशींना एकमेकींशी धरून ठेवणारं ई-कॅडहेरिन हे प्रथिन कुठे टिकलं आणि कुठे नाहीसं झालं, हाच आमचा विषय. त्यामुळे सगळी भिस्त अँटिबॉडीवर, म्हणजे हे प्रथिन ओळखून त्याला चिकटणाऱ्या रेणूवर. शेळीत तयार केलेली तुमची पॉलिक्लोनल (अनेक अँटिबॉडींचं मिश्रण) आम्ही बरीच वर्षं वापरतो, इतरांनाही तीच सुचवत आलो. म्हणून नवा लॉट (उत्पादनाची खेप) जास्तच खुपला.

ब्लॉट, म्हणजे प्रथिनं आकारानुसार वेगळी करून अँटिबॉडीने दाखवणारी चाचणी, सोबत जोडला आहे. ई-कॅडहेरिन बनवणाऱ्या एमसीएफ-७ या कर्करोगपेशींच्या लेनमध्ये (रांगेत) १२० किलोडाल्टनला, म्हणजे ई-कॅडहेरिनच्या वजनाला, ठसठशीत पट्टा हवा, तो जेमतेम दिसतो. त्याखाली, ८० च्या आसपास, जाडजूड पट्टा आहे आणि तोच शेजारी एमडीए-एमबी-२३१ या दुसऱ्या कर्करोगपेशींच्या लेनमध्येही आहे. २३१ मध्ये ई-कॅडहेरिनच्या सीडीएच१ जनुकाचा प्रमोटर (जनुक चालू करणारा भाग) मिथायलेशन या रासायनिक खुणेने बंद असतो, ई-कॅडहेरिन बनतच नाही; म्हणून तर ही पेशींची लाइन निगेटिव्ह कंट्रोल (पट्टा दिसायलाच नको असा नमुना) म्हणून घेतात. त्याच लायसेटवर (पेशी फोडून काढलेल्या द्रावणावर), त्याच दिवशी, जुन्या बाटलीत उरलेल्या अँटिबॉडीने १२० ला एकच स्वच्छ पट्टा दिला आणि २३१ ची लेन कोरी राहिली. सगळ्या लेनमध्ये प्रथिन सारखंच घातलं हे दाखवणारं ॲक्टिन सगळीकडे सारखं. नुसती सेकंडरी (पहिल्या अँटिबॉडीला चिकटून पट्टा दाखवणारी दुसरी अँटिबॉडी) लावलेला ब्लॉटही कोरा.

तुमच्या टेक्निकल सपोर्टने कळवलं की ब्लॉकिंग (ब्लॉटवरची मोकळी जागा झाकणं) बदला, डायल्यूशन वाढवा (अँटिबॉडी आणखी पातळ करा), आणि खालचा पट्टा ई-कॅडहेरिनचा ८० चा तुटलेला तुकडा असावा. पेशीबाहेरचा भाग कापला गेला की असा तुकडा सुटतो, हे मान्य. पण ज्या पेशीत मूळ प्रथिनच नाही, तिथे त्याचा तुकडा कुठून येणार? हे मी ईमेलवर विचारलं, तर त्याच छापील सूचना पुन्हा आल्या. मनापासून वाईट वाटलं.

पॉलिक्लोनल म्हटलं की लॉटगणिक फरक पडतो. शेळी बदलली, किंवा त्याच शेळीचं रक्त वेगळ्या वेळी काढलं, तरी सिरममधलं अँटिबॉडींचं मिश्रण बदलतं. ते आम्ही धरूनच चालतो. पण बाटली बाजारात येण्याआधी तो फरक पकडणं हे विकणाऱ्याचं काम आहे. या लॉटसोबतच्या माहितीपत्रकात ब्लॉट मात्र जुन्याच लॉटचा छापला आहे.

पार्सल उघडलं तेव्हा जेल पॅक पूर्ण वितळले होते, याचीही नोंद घ्यावी. फोटो वितरकाला त्याच दिवशी पाठवले. तरी दोष फक्त वाहतुकीचा वाटत नाही: उष्णतेने १२० चा पट्टा फिका पडेल, पण २३१ मधला पट्टा जुन्या बाटलीने दिसत नाही आणि या बाटलीने दिसतो, हे त्याने उलगडत नाही.

माझ्या विद्यार्थिनीने याच लॉटने रुग्णांच्या गाठींचे छेद रंगवले. लोब्युलर प्रकारच्या कर्करोगात ई-कॅडहेरिन बहुतेकदा हरवलेलं असतं; तिथे खोटा रंग चढला तर निष्कर्ष उलटा होतो. ते सगळे निकाल आम्हाला बाजूला ठेवावे लागले. रुग्णाने दिलेला ऊतीचा इवलासा तुकडा पुन्हा मागता येत नाही.

जुन्या लॉटच्या बाटल्या शिल्लक असतील तर त्यातली द्यावी, नसेल तर पूर्ण रक्कम परत करावी. या लॉटची तपासणी कोणत्या पेशींवर झाली आणि निगेटिव्ह लाइन घेतली होती का, हे मूळ ब्लॉटसह लेखी कळवावं. शिवाय, हा लॉट ज्यांना ज्यांना गेला त्या सर्व प्रयोगशाळांना ताबडतोब सूचना द्यावी. पैशांपेक्षा मला हे महत्त्वाचं वाटतं.

उरलेली अँटिबॉडी उणे २० ला ठेवली आहे. तपासणीसाठी हवी असल्यास तुमच्या प्रतिनिधीने कामाच्या दिवशी येऊन घेऊन जावी.

आपली विश्वासू,
प्रयोगशाळा प्रमुख,
परळ, मुंबई