मानेला हिसका नको

अमळनेर

प्रिय वसंता,

कसा शेस रे भो? तुझ्या पत्रात मानेच्या दुखण्याचं वाचून आधी हसू आलं, मग राग. दिवसभर कॉम्प्युटरपुढे वाकतोस आणि रविवारी सलूनमध्ये ‘कट्’ आवाज येईपर्यंत मान मोडून घेतोस! बंद कर ते. अशा हिसक्याने मानेतून मेंदूकडे जाणारी रक्तवाहिनी फाटू शकते. क्वचितच होतं, पण तुला कशाला ती हौस?

आठवतं, कापूस वेचणीच्या दिवसांत आजोबा ओट्यावर पालथे पडायचे आणि आपण भिंत धरून त्यांच्या पाठीवर चालायचो? मजुरी एक गुळाचा खडा. कण्यावर पाय पडला की ओरडायचे. दाब मांसाला द्यायचा, हाडाला नाही. शियात्सू या जपानी मालिशचं नावच बघ: ‘शि’ म्हणजे बोट, ‘आत्सू’ म्हणजे दाब. तेल नाही, अंगठ्याने दाबायचं आणि थांबायचं.

तू टेनिसचा चेंडू घे. भिंत आणि खांद्यामागचा जाड स्नायू यांच्यात धरून हळूहळू अंग टेकव. “हां, तिथंच” असं झालं की ३० सेकंद थांब, श्वास चालू ठेव. दात आवळावे लागले तर दाब जास्त झाला. कोपर आपटलं की आपण चोळतो ना, तसंच हे. स्पर्शाचे आणि दाबाचे संदेश मज्जारज्जूतच दुखण्याची वाट अडवतात, असं मेल्झॅक आणि वॉल या शास्त्रज्ञांनी १९६५ मध्ये मांडलं. अंग सैल पडतं, झोप लागते. पण खुर्ची तीच राहिली तर स्नायूतली गाठही परत येणार. आणि मालिशने अंगातलं विष निघतं म्हणणाऱ्याला पैसे देऊ नकोस.

गेल्या वर्षी काकांच्या पायाचं प्लास्टर काढलं, तर पोटरी सुजलेली. मालिशला तालमीतल्या वस्तादांना बोलावलं. त्यांनी दोन्ही पोटऱ्यांवर तळवा ठेवला, एक गरम लागली. तेलाची वाटी बाजूला सारून म्हणाले, “याले हात लावू नका, डॉक्टरकडे ली जा.” शिरेत रक्ताची गुठळी निघाली! चोळली असती तर सुटून फुप्फुसात गेली असती कदाचित. वस्तादांनी पैसे घेतले नाहीत, चहा मात्र दोनदा घेतला.

हातात मुंग्या येतात का, पकड सैल झालीय का, ते तू लिहिलंच नाहीस. तसं असेल तर चेंडू राहू दे, आधी डॉक्टरला दाखव आणि मला फोन कर.

थंडीत भरताची वांगी आली की ये. पाठीवर चालायला माझी धाकटी आहे. तिचा दर चॉकलेटचा.

तुझा,
शरद