भ्रष्टाचारविरोधी कायदा शिकायला ज्युनिअर वकिलांना स्कॉलरशिप हवी

मा. संपादक, सप्रेम नमस्कार,

मी नाशिकच्या जिल्हा कोर्टात प्रॅक्टिस करते. लाचेच्या केसेस जवळून बघितल्यात, लाचखोराला पकडायच्या सापळ्यात खास पावडर लावलेल्या नोटा हातात घेतलेल्या माणसाचे हात सोडियम कार्बोनेटच्या पाण्यात बुडवले की पाणी गुलाबी होतं, पंच सह्या करतात, आणि काही वर्षांनी तक्रारदारच कोर्टात साक्ष फिरवतो. २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठाने सांगितलं की तक्रारदार फितूर झाला तरी परिस्थितीजन्य पुराव्यावरून लाचेची मागणी सिद्ध होऊ शकते, पण तो पुरावा नीट मांडायला शिकलेला वकील तर पाहिजे ना!

आणि आता पैसा नोटांत राहतोय कुठे, तो कंपन्या, नातेवाईक, परदेशी खाती असा फिरतो. भारताने २०११ मध्ये संयुक्त राष्ट्रांचा भ्रष्टाचारविरोधी करार मान्य केला, त्यात असा पैसा परत आणायचं अख्खं प्रकरण आहे, आमच्या एलएलबीला त्यातलं अक्षरही शिकवलं नाही. ब्रिटनची चेव्हनिंग स्कॉलरशिप आहे, एक वर्षाची मास्टर्स, फी आणि राहण्याचा खर्च मिळतो, नंतर दोन वर्षं मायदेशी राहावं लागतं, ही अट मला फार आवडते. पण ती सगळ्याच विषयांसाठी आहे, त्यामुळे चुरस प्रचंड.

माझ्यासोबतची एक ज्युनिअर निफाडहून रोज एसटीने येते, हुशार आहे, तिला अशा स्कॉलरशिपचं नावही माहीत नव्हतं. राज्य सरकारने फक्त याच विषयासाठी दरवर्षी निदान पाच जागा काढाव्यात आणि जाहिरात तालुका कोर्टातल्या बार रूमपर्यंत लावावी, एवढी कळकळीची विनंती.

– एक वकील, नाशिक