आरव्हीतला टीव्ही फक्त करमणुकीसाठी नसतो

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत अमेरिकेतल्या आरव्ही (म्हणजे आत राहायची सोय असलेली घरासारखी गाडी) प्रवासावर लेख येतात ते मी इथे ओक्लाहोमात बसून ऑनलाइन आवर्जून वाचते, किचन कसं असतं, बेड कसे उघडतात, घाण पाण्याचा टँक कुठे रिकामा करायचा सगळं छान लिहिलेलं असतं, पण टीव्हीचा विषय "आत टीव्ही पण असतो" एवढ्यावरच संपतो. तो लागतो कसा ते कुणी लिहीतच नाही. मुलांकडे उन्हाळ्यात आलेले कितीतरी आईबाबा आता आरव्ही भाड्याने घेऊन फिरतात, त्यांच्यासाठी मुद्दाम हे पत्र.

मला कळकळीने सांगायचंय ते हे की फोन आहे, इंटरनेट आहे म्हणून छतावरच्या अँटेनाकडे दुर्लक्ष करू नका. एप्रिल ते जून हा आमच्याकडे टॉर्नेडोचा सीझन, आणि नेमके तेव्हाच आपले लोक टेक्सास, ओक्लाहोमा, कॅन्सस, मिसुरी या पट्ट्यातून गाड्या घेऊन जातात. 2011 साली 22 मे ला मिसुरीतल्या जॉपलिन गावात टॉर्नेडोने दीडशेच्या वर माणसं गेली, आणि ते गाव आय-44 हायवेवरच आहे, सेंट लुईसहून ओक्लाहोमाला येताना लागतंच. वादळात आरव्ही ही अजिबात सुरक्षित जागा नाही, ती उलटते, त्यामुळे वेळेत बाहेर पडून कॅम्पग्राउंडच्या पक्क्या इमारतीत, म्हणजे बहुतेक ठिकाणी बाथरूमच्या ब्लॉकमध्ये जायचं असतं आणि त्यासाठी आधी कळायला हवं ना!

फोनवर अलर्ट येतो, मान्य, पण टॉवरच नसेल तर कुठून येणार. आला तरी तुम्ही नवीन माणसं, अलर्टमधली नावं तुम्हाला काय कळणार. वेधशाळेची वॉर्निंग काउंटीच्या (आपल्या जिल्ह्यासारखा भाग) नावाने असते, आणि आपण कुठल्या काउंटीत मुक्काम केलाय हे आरव्हीतल्या दहातल्या नऊ जणांना सांगता येणार नाही असं मला वाटतं. इथले लोकल चॅनल मात्र अशा वेळी चालू कार्यक्रम थांबवतात आणि हवामानवाला माणूस तासन्‌तास उभा राहून रडारवर वादळ दाखवतो, कुठल्या गावाकडे सरकतंय, कुठला हायवे ओलांडतंय, किती वाजता कुठे पोचेल. ओक्लाहोमा सिटीचे चॅनल तर हेलिकॉप्टर वर पाठवून वादळ लाइव्ह दाखवतात. हे सगळं अँटेनावर फुकट येतं, ना डेटा लागतो ना सबस्क्रिप्शन. मुक्कामाला पोचलात की काउंटीचं नाव कागदावर लिहून टीव्हीजवळ चिकटवा, आणि एक बॅटरीवरचा वेदर रेडिओ जवळ ठेवा, वेधशाळेचे स्वतःचे हजारावर ट्रान्समीटर देशभर 162 मेगाहर्ट्झच्या आसपास चोवीस तास बोलत असतात, लाइट गेली तरी तो चालतो.

आता अँटेनाचं. काही गाड्यांवर गोल, बसक्या डब्यासारखा असतो, तो चारही बाजूंनी सिग्नल घेतो, त्याला हात लावायची गरज नाही पण लांबचं स्टेशन धरायला तो जरा कमी पडतो. दुसरा पंखांसारखा पसरलेला, त्याला इथे बॅटविंग म्हणतात, तो आत छताला असलेलं हँडल फिरवून वर उचलायचा आणि मग टॉवर ज्या दिशेला असतील तिकडे वळवायचा. पुण्यातल्या जुन्या मंडळींना आठवत असेल, सगळ्या गच्च्यांवरचे अँटेने सिंहगडाकडे तोंड करून असायचे, कारण दूरदर्शनचा टॉवर तिथे, अगदी तेच तत्त्व. टॉवर कुठे आहेत ते एफसीसी, म्हणजे इथल्या टीव्ही-रेडिओवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेच्या वेबसाइटवर नकाशात पत्ता टाकला की दिसतं. सपाट मैदानात पन्नास-साठ मैलांवरचं स्टेशनसुद्धा येतं, डोंगर मधे आला की वीस मैलांवरचं येत नाही. युटासारख्या राज्यांत म्हणून डोंगरांवर ठिकठिकाणी छोटे ट्रान्सलेटर लावलेत, ते मोठ्या स्टेशनचा सिग्नल पकडून पुढच्या दरीत सोडतात.

पण सगळ्यात महत्त्वाचं ते बटण! टीव्हीजवळच्या भिंतीवर, कधी वरच्या कपाटाच्या आत, केबलची एक छोटी प्लेट असते तिच्यावर एक बटण आणि बारीकसा दिवा असतो, तो बूस्टर. अँटेनाच्या अँप्लिफायरला 12 व्होल्टचा करंट त्याच केबलमधून वर जातो, बटण बंद असेल तर वर अँटेना असून नसल्यासारखा, एकही चॅनल धड येत नाही आणि लोक टीव्ही बिघडला समजून सोडून देतात. याच्या उलट कॅम्पग्राउंडची केबल जोडलीत तर ते बटण बंद पाहिजे, नाहीतर केबलचे चॅनल दिसत नाहीत. गाडी भाड्याने देणारे जनरेटर दाखवतात, पाण्याचा पंप दाखवतात, हे बटण मात्र कुणी दाखवताना मी पाहिलं नाही, तुम्हीच विचारून घ्या.

आणि प्रत्येक नव्या मुक्कामी चॅनल स्कॅन परत करायचा, म्हणजे टीव्हीला तिथले चॅनल नव्याने शोधायला लावायचं, कालच्या गावचे चॅनल आज नसतात. 12 जून 2009 ला इथली मोठी स्टेशनं पूर्ण डिजिटल झाली, तेव्हापासून मुंग्या मुंग्या दिसत का होईना पण चित्र येणं हा प्रकार संपला, सिग्नल पुरेसा असेल तर काचेसारखं स्वच्छ, जरा कमी पडला की चित्र चौकोन चौकोन होऊन थांबतं आणि मग काहीच नाही. धावत्या गाडीत हा सिग्नल नीट टिकत नाही, त्याची रचनाच घराच्या अँटेनासाठी झालेली. 2017 मध्ये एफसीसीने परवानगी दिलेलं नेक्स्टजेन टीव्ही म्हणून नवीन तंत्र आहे ते चालत्या गाडीतही चालावं असं बनवलंय, पण त्याला वेगळा ट्यूनर लागतो आणि भाड्याच्या गाडीतल्या टीव्हीत तो सहसा नसतो.

डिशचं थोडक्यात सांगते. तिला दक्षिणेकडचं आकाश मोकळं लागतं, पाइनच्या झाडांखाली गाडी लावली की संपलं, तिथे साधा अँटेना बरा. शिवाय घरच्या शहराचे लोकल चॅनल उपग्रहावरून ठराविक भागापुरतेच सोडलेले असतात, काहीशे मैल पुढे गेलं की जातात, मग कंपनीला सांगून मुक्कामाचा पत्ता बदलून घ्यावा लागतो. छतावर ठेवायचं स्टारलिंक, म्हणजे उपग्रहावरून येणारं इंटरनेट, 2022 पासून आरव्हीवाल्यांना मिळतंय, त्याने खूप फरक पडला, पण त्यालाही मोकळं आकाश लागतंच आणि ते बॅटरी चांगलीच खातं.

मराठी सिरीयल आणि क्रिकेट अर्थातच इंटरनेटशिवाय नाही, त्यात अँटेनाचा उपयोग नाही. आयपीएलची संध्याकाळी साडेसातची मॅच आमच्याकडे सकाळी नऊला सुरू होते, म्हणजे नेमकी गाडी हलवायच्या वेळेला, तेव्हा आदल्या रात्रीच बघून ठेवा की पुढचा स्टॉप नेटवर्क असलेल्या गावात आहे का. आईच्या सिरीयलचे एपिसोड घरच्या वायफायवर डाउनलोड करून निघा. यलोस्टोनसारख्या पार्कात मोठ्या भागात फोनही लागत नाही, तिथे तेच उपयोगी पडतात.

निघताना अँटेना खाली घ्यायला विसरू नका, वर राहिला तर पहिल्याच झाडाच्या फांदीला लागून तुटतो आणि त्याचे पैसे डिपॉझिटमधून जातात. आम्ही अँटेना वर केला की स्टिअरिंगला लाल रिबन बांधतो.

संपादक महोदय, पुढच्या वेळी आरव्हीवर लेख छापाल तेव्हा लेखकाला एवढं सांगा की बूस्टरचं बटण, चॅनल स्कॅन आणि काउंटीचं नाव यावर चार ओळी जरूर लिहा, विशेषतः लेख मार्च-एप्रिलमध्ये येणार असेल तर, कारण लोक तिकिटं काढून तयारीला लागतात ते तेव्हाच.

आपली,
ओक्लाहोमातली एक वाचक