सुधीर, ९४० ची केस बदलू देऊ नकोस

लँकेस्टर, पेनसिल्व्हेनिया
रविवार

प्रिय सुधीर,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र आणि दोन्ही जुन्या अमेरिकन खिशातल्या घड्याळांचे फोटो मिळाले. आधी उत्तर सांगतो, कारणं मागाहून. हॅमिल्टन कंपनीचं ९४० मॉडेल घे, आणि ते आहे त्याच केसमध्ये, म्हणजे बाहेरच्या धातूच्या डबीत घे. विक्रेता म्हणतोय, "ही साधी निकेलची केस आहे, हवी तर आगगाडीचं इंजिन कोरलेली सोनेरी केस घालून देतो." त्याला कृपा करून नाही म्हण. तो चांगल्या मनानेच म्हणत असेल, पण त्या दोन मिनिटांच्या कामात शंभर वर्षांची सोबत तुटेल.

तू विचारलं आहेस, "केस ओरिजिनल आहे का, हे कसं ओळखायचं?" अमेरिकन रेल्वे घड्याळांच्या बाबतीत हा प्रश्न जरा वेगळ्या तऱ्हेने विचारावा लागतो. १९२० च्या दशकापर्यंत हॅमिल्टन, वॉल्थम, एल्जिन, इलिनॉय या कंपन्या बहुतेक करून नुसतं मशीन विकत. केस बनवणारे कारखाने निराळे होते: फिलाडेल्फियाची कीस्टोन, नेवार्कची क्रेसेंट, ओहायोतल्या कँटनची ड्यूबर, केंटकीतली वॉड्सवर्थ. गिऱ्हाईक गावातल्या सराफाकडे जायचं, एका ट्रेमधून मशीन पसंत करायचं, दुसऱ्या ट्रेमधून केस, आणि सराफ तिथल्या तिथे दोन्ही जुळवून द्यायचा. आपण चष्म्याच्या दुकानात काच वेगळी आणि फ्रेम वेगळी निवडतो ना, तसंच. हे जमायचं कारण मापं ठरलेली होती. १६ साइज म्हणजे १.७ इंच, सुमारे ४३ मिलिमीटर, आणि १८ साइज म्हणजे जवळपास ४५ मिलिमीटर. कुठल्याही कंपनीचं १८ साइजचं मशीन बहुधा कुठल्याही १८ साइजच्या केसमध्ये बसे.

म्हणून त्या काळच्या घड्याळाबद्दल कुणी छातीठोकपणे "फॅक्टरी ओरिजिनल केस" म्हणालं, तर मी सावध होतो. मशीनवर एक नंबर, केसवर दुसरा, आणि त्या दोन नंबरांचा एकमेकांशी संबंध नसतो. विचारायचं ते हे की, ज्या वर्षी हे मशीन विकलं गेलं त्या वर्षी सराफाच्या ट्रेमध्ये अशी केस असू शकली असती का? आणि ही दोघं खरोखर एकत्र राहिली आहेत का?

इथे अण्णांची आठवण झाली. भुसावळला गार्ड असताना त्यांना रेल्वेने घड्याळ दिलं होतं आणि निवृत्तीच्या दिवशी ते परत जमा करावं लागलं, हे तू कितीदा सांगितलं आहेस. अमेरिकेत उलट होतं. ड्रायव्हर, कंडक्टर, ब्रेकमन यांना घड्याळ स्वतःच्या पैशांनी घ्यावं लागे, पुष्कळदा हप्त्याने. आणि ते कसलंही चालत नसे. १८ एप्रिल १८९१ ला ओहायोतल्या किप्टन स्टेशनजवळ टपालगाडी आणि प्रवासी गाडी समोरासमोर धडकल्या. एका ड्रायव्हरचं घड्याळ चार मिनिटं बंद पडून पुन्हा सुरू झालं होतं, असं सांगतात. त्यानंतर त्या रेल्वेने क्लीव्हलँडचा सराफ वेब बॉल याला घड्याळ तपासणीची व्यवस्था लावायला बोलावलं. पुढे जे नियम रुळले ते कडक होते. उघड्या तोंडाचं घड्याळ, म्हणजे काचेवर झाकण नसलेलं, चावीची गुंडी १२ च्या डोक्यावर, निदान १७ ज्वेल, म्हणजे चाकांची टोकं ज्यात फिरतात ते खडे, पाच स्थितींमध्ये (आडवं, उभं असं ठेवून) जुळवलेलं, आठवड्याला ३० सेकंदांहून जास्त फरक नको, आणि वेळ लावायला लिव्हर, म्हणजे चावी देताना काटे चुकून हलायला नकोत. ठरावीक मुदतीने निरीक्षकाला दाखवून कार्डावर नोंद करून घ्यायची.

आता विचार कर, हे सगळे नियम मशीनचे आणि डायलचे. केस निकेलची की सोन्याची, याच्याशी निरीक्षकाला कर्तव्य नव्हतं. मग घरी पोरंबाळं असलेला ब्रेकमन पैसे कुठे वाचवणार? केसमध्ये. २१ ज्वेलचं अव्वल मशीन आणि त्यावर कीस्टोनची सिल्व्हरॉइड केस, ही जोडी मला म्हणूनच फार खरी वाटते. सिल्व्हरॉइड म्हणजे तांबं आणि निकेल यांचा मिश्रधातू, नावात सिल्व्हर असलं तरी चांदी अजिबात नाही. पण जाड, टणक आणि काजळीला दाद न देणारी. मागचं झाकण आणि काचेची कडी दोन्ही आट्यांवर फिरून घट्ट बसणारी. कोळशाच्या धुरात उभं राहून काम करणाऱ्या माणसाला बिजागरीच्या नाजूक केसपेक्षा हीच उपयोगाची. तुझ्या ९४० ला नेमकी हीच आहे.

इंजिन कोरलेल्या केसबद्दल माझं मत स्पष्ट आहे. त्या काळात त्या भरपूर खपल्या, पण घेणारे सगळे रेल्वेतले नव्हते. शेतकरी, दुकानदार, ज्याला ज्याला आगगाडीचं अप्रूप होतं तो घेई. आत पुष्कळदा ७ किंवा १५ ज्वेलचं साधं मशीन असतं. पाठीवर इंजिन आहे म्हणून घड्याळ रेल्वेचं ठरत नाही, आणि इंजिन नाही म्हणून कमी ठरत नाही.

आता दुसरं घड्याळ, ते हॅमिल्टनचंच ९९२. मशीन सुरेख आहे, नंबरावरून १९१० च्या आसपासचं. पण फोटो मोठा करून झाकणाच्या आत बघ. "१० कॅरट गोल्ड फिल्ड" असं आहे आणि सोबत हॅमिल्टनचं नाव. वर्षांची हमी कुठेच नाही. गोल्ड फिल्ड म्हणजे सोन्याच्या दोन पातळ पत्र्यांमध्ये स्वस्त धातू घालून लाटलेला पत्रा. जेम्स बॉसचं त्यावरचं पेटंट १८५९ चं. सोनं किती जाड आहे यावर कारखाने हमी छापत, १० वर्षं, २० वर्षं, २५ वर्षं. १९२४ मध्ये सरकारने हे हमीचे छाप बंद केले. त्यामुळे "२० वर्षं" असं कोरलेलं दिसलं की केस १९२४ च्या आधीची समजायची, आणि नुसतं कॅरट व गोल्ड फिल्ड दिसलं की बहुधा नंतरची. शिवाय आत घड्याळ कंपनीचंच नाव, म्हणजे कंपन्या केससकट घड्याळ विकू लागल्या त्या काळातली. तेव्हा ही केस मशीनहून निदान पंधरा वर्षांनी लहान आहे.

म्हणून ते घड्याळ खोटं, असं मी म्हणणार नाही. रोज खिशात घासून कडेचं सोनं उडालं, खालचं पितळ दिसायला लागलं की रेल्वेवाले स्वतःच नवी केस घालून घेत. कदाचित तसंच झालं असेल. पण कदाचित गेल्या वर्षी कुणीतरी दोन घड्याळांचं एक केलं असेल. जानेवारी १९८० मध्ये सोनं औंसाला ८५० डॉलरवर गेलं, चांदी ५० च्या घरात. तेव्हा किती केसेस भट्टीत गेल्या आणि किती मशीनं उघडी पडली, हा विचार करवत नाही. त्यातली पुष्कळ आज दुसऱ्याच्या केसमध्ये बसून विकायला येतात. सांगून विकली तर माझी काहीच तक्रार नाही. तुझा विक्रेता त्या ९९२ ला "ओरिजिनल" म्हणतोय, ते मात्र मला खटकतं.

खरा पुरावा आत असतो. माझ्याकडे एल्जिनचं बी. डब्ल्यू. रेमंड मॉडेल आहे. मागचं झाकण फिरवून काढलं आणि भिंग लावलं की मशीनच्या कडेला दोन केस-स्क्रू दिसतात. हे स्क्रू आवळले की त्यांचं डोकं केसच्या आतल्या कडीला दाबून धरतं आणि तिथे नखाच्या चंद्रकोरीएवढी चकचकीत खूण उमटते. माझ्या केसमध्ये अशा दोनच खुणा आहेत, खोल, आणि बरोबर त्या दोन स्क्रूंखाली. स्क्रूंची जागा कंपनीगणिक बदलते. त्यामुळे केसमध्ये आधी वॉल्थम राहून गेलं असेल तर रिकाम्या जागी त्याच्या खुणा उरतातच. चार-पाच खुणा दिसल्या की समजायचं, या घरात भाडेकरू बदलले आहेत. त्याच झाकणाच्या आत घड्याळजींनी सुईने ओरखडलेली बारीक अक्षरं आणि आकडेही आहेत, दुरुस्तीच्या नोंदी. पॉलिश करून ती पुसणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो.

दुसरी जागा म्हणजे लिव्हरची खाच. पुढची काच फिरवून काढली की डायलच्या कडेशी लिव्हर असतो, तो नखाने बाहेर ओढून मग वेळ लावायची. तो बाहेर यायला केसच्या कडीत खाच लागते. खाच कारखान्यात कापलेली असेल तर कडा सरळ आणि स्वच्छ असतात. कानशीने मागाहून वाढवलेली लगेच कळते. आणि मशीनला लिव्हर आहे तिथे खाच नाही, भलतीकडेच आहे, तर ती केस दुसऱ्या कुणाची तरी आहे.

तिसरं तू स्वतःच बघू शकतोस. चावी ३ च्या बाजूला आणि सेकंदकाटा ६ जवळ दिसला, तर ते पुढे झाकण असलेल्या घड्याळाचं मशीन उघड्या केसमध्ये घातलेलं आहे. तुझ्या दोन्हींत तसं नाही.

९४० च्या फोटोत मला एक चंद्रकोर नीट दिसते, दुसरी सावलीत गेली आहे. म्हणून पैसे पाठवण्याआधी विक्रेत्याकडून तीन फोटो माग. मशीनसकट उघडी पाठ, तिरक्या उजेडात. काच काढून लिव्हर बाहेर ओढलेला. आणि झाकणाच्या आतला छाप, अगदी जवळून. दुसरी खूणही स्क्रूखालीच असेल, तर घासाघीस करत बसू नकोस. तो म्हणतो त्याहून थोडं जास्त देऊनही मी घेतलं असतं. पार्सल माझ्या पत्त्यावर येऊ दे. इथून जवळच कोलंबिया गावात घड्याळांचं राष्ट्रीय संग्रहालय आहे, त्या भागात अशा घड्याळांची नीट सफाई करणारी माणसं अजून आहेत. तेलपाणी करून डिसेंबरात येताना घेऊन येईन. बाहेरून मात्र मऊ कापडाशिवाय काही लावू देणार नाही.

आणि हो, हॅमिल्टनचा जुना कारखाना आमच्या कोलंबिया अव्हेन्यूवर अजून उभा आहे. आता तिथे लोक राहतात. तुझं मशीन तिथेच बनलं. तुम्ही दोघं इकडे आलात की आधी तिथे जाऊ.

वहिनींना आणि काकूंना नमस्कार. फोटो आले की लगेच पाठव, रात्री-अपरात्री असले तरी चालतील.

तुझा,
विनय