वयाचा रकाना

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात आपल्या वाचकांच्या पानावर एका वाचकाने लिहिलं होतं की असल्या नराधमांना नागपूरच्या संविधान चौकात जाहीर फाशी द्या, खटल्याचा खर्च कशाला. मुलीवरच्या अत्याचाराची ती बातमी वाचून माझ्याही पोटात कालवलं होतं, त्यामुळे त्यांचा संताप मला कळतो. जागा मात्र त्यांनी अजब निवडली. ज्यांचा पुतळा त्या चौकात उभा आहे, त्या बाबासाहेबांनीच 3 जून 1949 रोजी संविधान सभेत सांगितलं होतं की अहिंसेची परंपरा मानणाऱ्या या देशाने फाशीची शिक्षा सरसकट रद्द करणं हेच योग्य. चर्चा सर्वोच्च न्यायालयाकडे फौजदारी अपील न्यावं की नाही याची होती आणि त्या ओघात ते हे बोलून गेले. आपण ते विसरलो, हेही ओघानेच.

पण मला बाबासाहेबांच्या आड उभं राहून बोलायचं नाही. मी एकतीस वर्षं विदर्भातल्या निरनिराळ्या न्यायालयांत लघुलेखक होतो. न्यायाधीश सांगतात, आम्ही उतरवतो, मग टंकतो. एवढ्या वर्षांत फाशीचा निकाल माझ्या बोटांखालून एकदाच गेला. त्याविषयीच लिहितो.

गोष्ट नव्वदच्या दशकाच्या शेवटची. आरोपी शेतमजूर, खून दोन. ते त्यानेच केले होते याबद्दल मला तेव्हाही शंका नव्हती, आजही नाही, कारण साक्षी मीच उतरवल्या होत्या. दोषी असल्याचा निर्णय जेवणाच्या सुट्टीआधी झाला आणि सुट्टीनंतर ‘शिक्षेवर ऐकणं’ झालं. हे ऐकणं कायद्याने सक्तीचं आहे. फाशी द्यायची तर विशेष कारणं लिहावी लागतात, आणि 1980 च्या बच्चनसिंग निकालापासून गुन्हा ‘दुर्मिळातला दुर्मिळ’ असावा लागतो. गुन्ह्याइतकंच गुन्हेगाराकडेही पाहा, असं त्या निकालाने बजावलं आहे.

आमच्याकडे हे पाहणं साधारण दहा मिनिटांत उरकलं. सरकारी खर्चाने नेमलेले वकील उठले आणि म्हणाले, आरोपी तरुण आहे, गरीब आहे, घरी म्हातारे आईवडील व लहान मुलं आहेत, दया दाखवावी. ते बोलायचं संपवण्याआधीच माझ्या वहीत ते उतरलं होतं, कारण हे वाक्य मला पाठ होतं. जिल्हा कोणताही असो, आरोपी कोणीही असो, वाक्य तेच. एका खटल्यात तर साठीच्या आरोपीलाही वकिलांनी ‘तरुण’ म्हटलं होतं आणि टंकताना तो शब्द मी गाळला होता. वकिलांना नावं ठेवत नाही. मिळणाऱ्या मानधनात ते आरोपीच्या गावी जाऊन त्याच्या शाळेत, घरात, शेजारात काय सापडतं हे बघणार कसे? तिथं कोणी गेलंच नाही. तो माणूस दहा वर्षांचा असताना काय करत होता, हे त्या पूर्ण फाइलमध्ये कुठेही नाही.

निकाल इंग्रजीत होता. ‘मरेपर्यंत गळफास’ हे शब्द साहेबांनी जरा भरभर वाचले. आरोपीने हवालदाराकडे पाहिलं, तर हवालदार खिडकीकडे पाहून राहिला होता. मग आरोपी माझ्याकडे वळला, बहुधा मी सगळ्यांत जवळ होतो म्हणून. “बाबूजी, काय झालं माहं?” मी म्हणालो, “वर अपील आहे.” एवढंच सुचलं. निकालाची प्रत आरोपीला लगेच मोफत द्यायची असते, तशी ती दिली. त्याने अंगठा उठवून ती घेतली आणि दुमडून सदऱ्यात ठेवली. त्याला मराठीसुद्धा वाचता येत नव्हतं.

पुढे उच्च न्यायालयाने त्याची जन्मठेप केली. वर एक बरा वकील भेटला, एवढाच काय तो फरक, बाकी माणूस, गुन्हा, कागद सगळं तेच.

हे सगळं मी विसरलोही असतो. पण मार्च 2023 मध्ये आपल्याच नागपूर मध्यवर्ती कारागृहातून एक कैदी सुटला आणि ती बातमी मी दोनदा वाचली. 1994 मध्ये पुण्यात एकाच घरातल्या सात जणांना मारलं होतं, त्यांत एक गरोदर बाई. त्या खटल्यात या राजस्थानी मुलाला फाशी झाली आणि ती सर्वोच्च न्यायालयापर्यंत कायम राहिली. कागदोपत्री तो विशीतला होता. शेवटी गावाकडच्या शाळेचा दाखला सापडला. त्यावरून सर्वोच्च न्यायालयाने मान्य केलं की गुन्ह्याच्या दिवशी त्याचं वय साडेबारा वर्षं होतं. साडेबारा! अठ्ठावीस वर्षांहून जास्त काळ तो आत होता आणि त्यातला बराचसा काळ फाशीच्या छायेत गेला. अल्पवयीन म्हणून त्याला तीन वर्षांवर आत ठेवताच आलं नसतं. वयाच्या चौकशीचा अहवाल 2019 मध्येच आला होता, सुटकेला आणखी चार वर्षं लागली.

लोकांनी विचारलं, असं होऊच कसं शकतं? मला नवल वाटलं नाही. वयाचा रकाना कसा भरला जातो ते मला ठाऊक आहे. अटकेच्या वेळी पोलीस चेहऱ्याकडे पाहतो आणि लिहितो, ‘वय अं. 22 वर्षे, धंदा मजुरी’. तोच आकडा दोषारोपपत्रात येतो, तिथून माझ्या टंकयंत्रावर आणि माझ्या कागदावरून उच्च न्यायालयात. प्रत्येक टप्प्यावर तो अधिक सरकारी दिसू लागतो. हजारो वेळा मी तो रकाना टंकला असेन, कुठून आला असं एकदाही विचारलं नाही. विचारणं माझं काम नव्हतं, असं म्हणून मोकळा होऊ शकतो. झालोही होतो.

दुसरं उदाहरण नाशिकचं, 2003 सालचं. दरोडा, बलात्कार आणि खून. भटक्या जमातीतल्या सहा जणांना पकडलं. उच्च न्यायालयाने तिघांची फाशी जन्मठेपेवर आणली होती. 2009 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती जन्मठेप पुन्हा फाशीवर नेली, म्हणजे सहाही जण फासावर. पुढे 2019 मध्ये त्याच सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना निर्दोष सोडलं, प्रत्येकी पाच लाख रुपये भरपाई द्यायला सांगितली आणि चुकार तपास अधिकाऱ्यांवर कारवाई करायला सांगितलं. साक्षीदाराने पोलिसांच्या छायाचित्रांतून भलत्याच चौघांना ओळखलं होतं, ही गोष्ट तोवर मागेच पडली होती. मधल्या दहा वर्षांत राष्ट्रपती भवनातल्या एखाद्या कारकुनाने फाइल झपाट्याने पुढे सरकवली असती, तर 2019 चा निकाल कोणासाठी लिहिला असता?

‘खटला लांबवू नका, लगेच लटकवा’ म्हणणाऱ्यांनी ही दोन्ही उदाहरणं समोर ठेवावीत. हे सगळे वाचले ते विलंबामुळे.

आता दुसरी बाजू, जी नागपूरकराला टाळता येत नाही. 13 ऑगस्ट 2004 रोजी आमच्या जिल्हा न्यायालयाच्या इमारतीत कस्तुरबानगरच्या बायांनी वस्तीला छळणाऱ्या अक्कू यादव या गुंडाला संपवलं. माझी तेव्हा बाहेरच्या जिल्ह्यात बदली होती, सहकाऱ्याचा फोन आला तेव्हा विश्वास बसला नाही. योगायोग असा की दुसऱ्याच दिवशी पहाटे कोलकात्यात बलात्कार आणि खुनाच्या गुन्ह्यात धनंजय चॅटर्जीला फाशी झाली. तेव्हा पुष्कळांनी म्हटलं, न्यायालय फाशी देत नाही म्हणून लोक कायदा हातात घेतात. हे मला कधी पटलं नाही. फाशी कायद्याच्या पुस्तकात तेव्हाही होतीच. त्या वस्तीची तक्रार फाशीची नव्हती. पोलीस तक्रार नोंदवून घेत नाहीत, उलट ज्याच्याविरुद्ध आलो त्यालाच जाऊन सांगतात, आणि तो जामिनावर पुन्हा दारात येऊन उभा राहतो, ही त्यांची तक्रार होती. पोलीस ठाण्यातल्या साध्या वहीत वेळेवर चार ओळी लिहिल्या गेल्या असत्या, तर पुढचं काहीच झालं नसतं. या प्रकरणातले आरोपी 2014 मध्ये पुराव्याअभावी सुटले.

खैरलांजीचंही तसंच. 2006 मध्ये एका दलित कुटुंबातल्या चौघांना मारलं, 2008 मध्ये भंडाऱ्याच्या न्यायालयाने सहा जणांना फाशी दिली, आणि आपल्याकडे पेढे वाटले गेले. 2010 मध्ये नागपूर खंडपीठाने ती पंचवीस वर्षांच्या कैदेवर आणली, मग संताप. या फाशीच्या चढ-उतारात एक गोष्ट झाकली गेली. ॲट्रॉसिटी कायदा ना भंडाऱ्यात लागला, ना नागपुरात. जे मान्य व्हायला हवं होतं ते झालंच नाही आणि आपण दोरावरच भांडत बसलो. कुटुंबातला एकटा वाचलेला बाप 2017 मध्ये नागपुरातच गेला, तोवर प्रकरण सर्वोच्च न्यायालयात पडूनच होतं.

जन्मठेप म्हणजे चौदा वर्षांत बाहेर, हा गैरसमज आपल्याकडे पक्का आहे. जन्मठेप म्हणजे जन्मभर. चौदा वर्षांआधी सवलत देताच येत नाही, एवढाच त्या आकड्याचा अर्थ. शिवाय 2008 पासून सर्वोच्च न्यायालय वीस, पंचवीस, तीस वर्षं किंवा मरेपर्यंत, कोणत्याही सवलतीशिवाय अशी जन्मठेप देऊ लागलं आहे. धोकादायक माणूस बाहेर येऊ नये ही चिंता रास्त आहे, आणि तिच्यावर उपाय आहे. चूक कळली तर अशा कैद्याचं दार उघडता तरी येतं.

30 जुलै 2015 ची पहाटही आठवते. याकूब मेमनसाठी सर्वोच्च न्यायालय पहाटे तीननंतर उघडलं होतं आणि सकाळी सातच्या सुमारास वर्धा रोडवरच्या कारागृहाच्या भिंतीआड सगळं आटोपलं. मी टपरीवर चहा प्यायला गेलो होतो. एक पोरगा बॅरिकेडला टेकून, मागे जेल येईल असा सेल्फी काढून राहिला होता. 1993 च्या मुंबई बॉम्बस्फोटांतल्या 257 मृतांचं दुःख मला लहान करायचं नाही. त्या फाशीने ते लहान झालं का, हे त्यांच्या घरच्यांनी सांगावं. बरोबर महिनाभराने, 31 ऑगस्टला, विधी आयोगाने 262वा अहवाल सरकारला दिला आणि दहशतवाद व युद्धविषयक गुन्हे सोडून फाशी रद्द करा अशी शिफारस केली. मला तो अपवादही नको आहे, पण त्याचा वाद चालू राहू द्या. बाकीच्यांच्या गळ्यातला दोर तरी काढायला काय हरकत होती? झालं उलटंच. 2024 मध्ये लागू झालेल्या न्याय संहितेत फाशीची कलमं वाढली.

पत्राचा कच्चा मसुदा सौभाग्यवतींना वाचून दाखवला. त्या म्हणाल्या, “आपल्या नातीचं असं झालं असतं, तर हेच लिहिलं असतं का तुम्ही?” नसतं लिहिलं. त्या दिवशी मी स्वतः काठी घेऊन निघालो असतो. म्हणूनच त्या दिवशी मला कोणी निकाल टंकायला बसवू नये.

त्या शेतमजुराचं पुढे काय झालं, मला माहीत नाही. परवा सहज हिशेब केला, तर आता त्याने पन्नाशी ओलांडली असेल असं निघालं. मग लक्षात आलं, हिशेब मी त्या ‘अं. 24 वर्षे’ वरूनच केला होता.

आपला नम्र,
एक निवृत्त लघुलेखक
त्रिमूर्तीनगर, नागपूर
(नाव छापू नये ही विनंती.)