कांद्याला उद्देशून

प्रिय दोस्ता,

तुझं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा राग आला, दुसऱ्यांदा हसू. ओडवर, म्हणजे कुणाला तरी उद्देशून केलेल्या स्तुतिकवितेवर, तू तुटून पडलायस. ‘ओड म्हणजे भरल्या पोटाचा ढेकर’ हे वाक्य तू नक्की एखाद्या लांबलेल्या बैठकीत कागदाच्या कोपऱ्यावर लिहून ठेवलं असणार. पुढे आकडे आहेतच: देशातले सुमारे 45 टक्के कामकरी शेतीत, आणि उत्पन्नात शेतीचा वाटा 18 टक्क्यांच्या आसपास. 1970-71 साली सरासरी जमीनधारणा 2.28 हेक्टर होती, 2015-16 पर्यंत ती 1.08 वर आली. अशा देशात ‘हे शरदा’, ‘हे वसुंधरे’ करत बसायला कुणाला सवड आहे, हा तुझा सवाल.

आधी शब्दाचं बघू. ओडला मराठी समीक्षेत ‘उद्देशिका’ म्हणतात. संविधानाच्या पहिल्या पानावरच्या मजकुरालाही आपण तेच नाव दिलंय. योगायोगच, पण मला आवडतो. स्तुती, अलंकार, उदात्त भाषा हे सगळं नंतर येतं. आधी कुणाला तरी हाक मारावी लागते. ओडमध्ये समोरचा ‘तू’ असतो. तुझ्या विकासयोजनांच्या अहवालात तो ‘लाभार्थी’ असतो. माझं म्हणणं एवढ्यातच आलं, पण तू एवढ्यावर ऐकायचा नाहीस.

इंग्रजी कवी कीट्सच्या बाबतीत मात्र मी तुला अर्धा डाव देतो. सप्टेंबर 1819 मध्ये विंचेस्टरजवळच्या कापणी झालेल्या रानातून तो फिरून आला आणि शरदावरची ती कविता लिहिली. शरद धान्याच्या कोठारात निवांत बसलाय, अर्ध्या कापलेल्या सरीत खसखशीच्या फुलांच्या वासानं त्याला डुलकी लागलीय. इंग्रजीत याहून भरलेली कविता मला माहीत नाही. पण त्या रानात मजूर कुठे आहे? महिन्याभरापूर्वीच मँचेस्टरला सेंट पीटरच्या मैदानावर सभेला जमलेल्या लोकांवर घोडेस्वार घातले होते (तेच पीटर्लूचं हत्याकांड), आणि 1815 च्या धान्य कायद्यानं गरिबाची भाकरी महाग करून ठेवली होती. कवितेत मजुरी नाही, भाव नाही. विळा आहे, पण तो ऋतूच्या हातात. कीट्सनं हे मुद्दाम टाळलं की त्या शांततेतच ते दडलंय, यावर समीक्षक अजून भांडतात. मी रोज बाजू बदलतो.

पण भरल्या पोटाचा ढेकर? मग ‘वंदे मातरम्’ घे. सुजलाम्, सुफलाम्, शस्यश्यामलाम्. याहून ओलसर ओड आपल्याकडे नाही. ते ज्या कादंबरीत आहे ती बंकिमचंद्रांची ‘आनंदमठ’ पुस्तकरूपात आली 1882 मध्ये, आणि ती सुरू कुठे होते? 1770 च्या बंगालच्या दुष्काळात. गाव ओस पडलंय, माणसं घरं सोडून अन्नाच्या शोधात निघालीत. त्या कादंबरीत हे गाणं गायलं जातं, पाणी आणि पीक दोन्ही नसताना. वर्णन म्हणून वाचलं तर ते चक्क खोटं ठरतं. हाक म्हणून वाच, मग त्यातली कळ लागते. दोनशे वर्षांनी पुन्हा तोच प्रकार. ‘मेरे देश की धरती’ 1967 चं, शास्त्रीजींच्या ‘जय जवान, जय किसान’मधून निघालेल्या सिनेमातलं. धरती सोनं ओकते असं गाणं गावोगाव वाजत होतं, तेव्हा लागोपाठ दोन वर्षं पाऊस दगा देऊन गेला होता आणि पीएल-480 या अमेरिकेच्या अन्नमदत कायद्याखालचा गहू बोटींनी उतरत होता. तुझ्या आवडत्या हरितक्रांतीच्या आधी तिचं गाणं आलं, एवढं तरी कबूल कर.

आता संगीताकडे येतो, कारण तिथे मी तुझ्याहून जास्त अडचणीत आहे. बेथोवनच्या नवव्या सिंफनीतली आनंदाची ओड (शब्द जर्मन कवी शिलरचे, 1785 चे, सिंफनी पहिल्यांदा वाजली 1824 मध्ये) उभी करायला अख्खा वाद्यवृंद, चार गायक आणि समूह लागतो. आपल्या बायांना एक जातं पुरायचं. ‘पहिली माझी ओवी गं’ म्हणायचं की पुढचा मुक्काम ठरलेला: जात्या ईश्वराला, विठ्ठलाला, माहेरच्या भावाला, मेलेल्या आईला. प्रत्येक ओवी कुणाला तरी उद्देशून. गी प्वातव्हाँ आणि हेमा राईरकर यांनी गावोगाव फिरून अशा 1 लाखाहून जास्त ओव्या जमवल्या. जगातली इतकी मोठी उद्देशिका दुसरीकडे कुठे असेल तर मला कळव.

आणि ती बंद कशानं पडली? पिठाच्या गिरणीनं. म्हणजे तुझ्या विकासानंच. मोटेचंही, म्हणजे बैलांनी विहिरीतून पाणी ओढायच्या कातडी पिशवीचंही, तेच. बैल धावेवरून खाली जाताना आणि मागे सरताना मोटकरी ज्या चालीवर गायचा, ती चाल नाडा, सोंदूर हे मोटेचे दोर आणि चाकाचा कणा यांच्या कुरकुरीवर बेतलेली होती. इंजिन आलं, मग विजेचा पंप आला, आणि मोटेचं पाणी पडायचं त्या थारोळ्यापाशी गायचं कारणच उरलं नाही. बहिणाबाईंच्या कवितेतल्या एका विहिरीवरच्या दोन मोटा आता शाळेतल्या मुलांना चित्र काढून समजवाव्या लागतात.

इथं तू मला हळवा ठरवायला टपलेला असणार. थांब. पहाटे तीनला उठून पायली दळणाऱ्या बाईला गिरणी आली याचं दुःख झालं असेल असं मी म्हणणार नाही. माझी आजी ओव्या म्हणायची, आणि जातं माळ्यावर गेलं त्या दिवसाबद्दल ती नेहमी हसून बोलायची. खांदे धरायचे तिचे, माझे नव्हे. तेव्हा जातं परत आणा हे शहरी रडगाणं मला नको. मला खटकतं ते वेगळंच. कष्ट गेले ते चांगलंच झालं, पण त्या कष्टांबरोबर बाईची बोलायची जागाही गेली, आणि ती जागा योजनेत कुठेच धरलेली नव्हती. पंपाचंही बघ. शेतीला वीज बऱ्याचदा रात्रीची, म्हणून माणूस बॅटरी घेऊन, विंचूकाट्यातून, पाणी द्यायला निघतो. मोटेवर निदान दिवस होता, बैल होते. रात्रीच्या त्या पाळीवर अजून कुणी गाणं रचल्याचं मी ऐकलं नाही.

आता कांदा. हसू नकोस. चिलीचा कवी पाब्लो नेरुदानं 1954 मध्ये साध्यासुध्या वस्तूंवरच्या ओडचं पुस्तक काढलं. टोमॅटो, भाकरी, आणि कांदा. ओळी इतक्या अरुंद की वर्तमानपत्राच्या रकान्यात बसाव्यात, आणि त्यातल्या बऱ्याच छापल्याही गेल्या होत्या तिथेच. कीट्सच्या रानात जो सापडत नव्हता तो माणूस इथे सापडतो: खडतर वाटेवरच्या मजुराची भूक हा कांदा भागवतो. आणि कवी त्याला म्हणतो, तू आम्हाला रडवलंस, पण दुःख दिलं नाहीस.

ही ओळ लासलगावच्या बाजार समितीत वाचून दाखवायची माझी हिंमत नाही. ऑगस्ट 2023 मध्ये निर्यातीवर 40 टक्के शुल्क, 8 डिसेंबरला सरसकट निर्यातबंदी, ती उठली थेट 4 मे 2024 ला. बंदी जाहीर झाल्यावर लिलाव बंद पडले, माणसं रस्त्यावर आली, भाव कोसळले. हे निर्णय घेणाऱ्याला शहरातला स्वैपाक दिसत होता, महागाईचा निर्देशांक दिसत होता. त्याचंही काही चूक नाही म्हणशील तू, शहरातल्या मजुरालाही कांदा परवडला पाहिजे. बरोबर आहे, नेरुदाचा कांदा त्याच मजुराचा आहे. पण त्या आदेशात कांदाचाळीत, म्हणजे साठवणीच्या शेडमध्ये, कांदा भरून ठेवलेला माणूस कुठेच ‘तू’ नव्हता. त्याला कुणी आधी विचारलं नाही, नंतरही नाही. 1883 मध्ये जोतीरावांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला तेव्हा तक्रार साधारण हीच होती. फक्त त्यांनी ओडच्या जागी आसूड उचलला, आणि खरं सांगू, मला कधीकधी तोच बरा वाटतो.

तर मी एक उद्योग केलाय. कांद्यावरच्या त्या कवितेची, इंग्रजीवरून का होईना, मराठी करून पाहिलीय. सोबत जोडतोय. दोन ठिकाणी अडलोय: सालीला ‘पापुद्रा’ म्हणू की ‘टरफल’, आणि रडवण्याच्या त्या ओळीचं काय करू. तुझ्या धाकट्या भावाचा यंदाचा उन्हाळी कांदा चाळीत असेलच. संध्याकाळी तो मोकळा असला की त्याला वाचून दाखव, आणि तो काय म्हणतो ते जसंच्या तसं लिही. शिवी दिली तर शिवीसकट.

वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझाच,
जुना मित्र