दिव्यांग निधीतून पगारही द्या

महापालिकांनी ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी राखायचा असतो. त्यातला काही भाग शिलाई यंत्रासारख्या साहित्याच्या वाटपात जातो, तोही अनेकदा मार्चअखेरच्या घाईत. त्यातून स्वयंसेवी संस्थांना दिव्यांग कर्मचारी नेमण्यासाठी अनुदान का देऊ नये?

आमच्या भागातल्या एका संस्थेत अंध तरुणी स्क्रीन रीडरच्या (पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या) मदतीने पत्रव्यवहार सांभाळते, फोन घेते. काम चोख, पण संस्थेची ऐपत नाही म्हणून मानधन तुटपुंजे. शिलाई यंत्र देऊन तिचा प्रश्न सुटणार नाही, तिला पगार हवा!

पिंपरी-चिंचवड महापालिकेने २०२२ मध्ये तृतीयपंथीयांना सुरक्षारक्षक म्हणून कामावर घेतले. इच्छा असली की वाट निघते. अनुदान किमान दोन वर्षांचे असावे, रॅम्प आणि सॉफ्टवेअरचा खर्च त्यात धरावा आणि पगार थेट कर्मचाऱ्याच्या खात्यात जमा व्हावा.

— एक वाचक, पुणे